हाकेच्या अंतरावर मदत: ज्येष्ठांसाठीच्या फ्लॅटमध्ये आपण नेमकं काय विकत घेतो?

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत मोठमोठी घरं आहेत आणि त्यांतल्या कित्येक घरांत आता दोनच माणसं राहतात. मुलगा हिंजवडीला, मुलगी हैदराबादला आणि इथे सत्तरीचे आई-बाबा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलेली पिढी दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला येते, चार दिवस राहते आणि परत जाते. अशा घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सीनियर लिव्हिंग’, ‘रिटायरमेंट होम’, ‘असिस्टेड लिव्हिंग’ अशा जाहिराती येऊ लागल्या आहेत. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे किमान निकष जाहीर केल्यापासून हा विषय बातम्यांतही आला.

तरी वाचणाऱ्याला मूळ प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. हा वृद्धाश्रम आहे, दवाखाना आहे, की बिल्डरचा साधा फ्लॅट? आयुष्याची कमाई त्यात घालायची तर हे आधी नीट कळायला हवं.

## चार पायऱ्या

उतारवयातल्या राहण्याच्या सोयी साधारण चार पायऱ्यांच्या असतात. पहिली स्वतंत्र निवासाची. फ्लॅट तुमचा, कुलूप तुमचं, स्वयंपाकघर तुमचं. आवारात भोजनगृह असतं, परिचारिका असते, मदतीची घंटा असते, ठरलेल्या दिवशी डॉक्टर येतात. हवं तेव्हा ही मदत घ्यायची, नको तेव्हा दार लावून आपल्या घरात राहायचं. दुसरी पायरी सहाय्यक निवासाची, म्हणजेच असिस्टेड लिव्हिंगची. तिथे आंघोळ, कपडे, औषधं यांसाठी रोज माणूस लागतो आणि तो संस्थेकडून मिळतो. तिसरी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या विभागाची. चौथी पूर्ण शुश्रूषेची, जिथे माणूस अंथरुणाला खिळलेला असतो.

वृद्धाश्रम या रांगेत नेमका बसत नाही. तो बहुधा एखादा ट्रस्ट चालवतो. तिथे खोली किंवा खाट मिळते, मालकी नसते आणि दिनक्रम संस्था ठरवते. आपण बोलतोय ते पहिल्या पायरीबद्दल, आणि जाहिरातींतले बहुतेक फ्लॅटही याच पायरीवरचे असतात. बघायला जाताना हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण मोठ्या अपेक्षाभंगाचं मूळ इथेच असतं.

आपल्याकडे पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ प्रकल्पांमुळे ही कल्पना मराठी माणसाला परिचित झाली. दक्षिणेत कोइम्बतूर तर अशा वसाहतींसाठीच ओळखलं जातं. डेन्मार्कने १९८७च्या कायद्याने जुन्या पद्धतीची नवी शुश्रूषागृहं बांधणं थांबवलं आणि ज्येष्ठांना सोयीचं घर देऊन मदत त्यांच्या दारात न्यायचं धोरण घेतलं. विचार तोच आहे: माणूस हलवण्यापेक्षा मदत हलवायची.

## ‘मदत’ म्हणजे किती मदत?

वृद्धांची देखभाल करणारे माणसाची क्षमता दोन याद्यांवरून तपासतात. पहिल्या यादीत अगदी अंगाची सहा कामं आहेत: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, मल-मूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसऱ्या यादीत संसार चालवण्याची कामं येतात: स्वयंपाक, बाजार, औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार, फोन, प्रवास. बहुतेक माणसांचं आधी दुसऱ्या यादीतलं एकेक काम सुटतं, पहिल्या यादीतलं नंतर.

स्वतंत्र निवासाची व्यवस्था दुसऱ्या यादीसाठी उत्तम असते. जेवण तयार मिळतं, वीजबिल आणि नळाची दुरुस्ती दुसरं कुणी बघतं, दवाखान्यात न्यायला गाडी असते. पहिल्या यादीतलं काम मात्र मूळ शुल्कात सहसा धरलेलं नसतं.

घरातल्या इन्व्हर्टरचं उदाहरण घ्या. लाइट असताना त्याची आठवणही होत नाही. लाइट गेली की दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: त्यावर काय काय चालतं आणि किती तास. पंखा आणि दिवे चालतात, गिझर चालत नाही. आवारातल्या मदतीचंही तसंच आहे. पडलात तर उचलायला माणूस येईल, रक्तदाब बघितला जाईल, रुग्णवाहिका बोलावली जाईल. सहा महिने रोज आंघोळ घालायची वेळ आली तर तो भार या व्यवस्थेवर चालेलच असं नाही. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळे पैसे किंवा वेगळ्या विभागात जाणं, यांपैकी काहीतरी करावं लागतं.

म्हणून ही मदत कमी महत्त्वाची आहे असं मुळीच नाही. मेंदूत गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका आला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलेली एकटी बाई सकाळी कामवाल्या मावशी येईपर्यंत तशीच पडून राहिली, तर हाडापेक्षा ते पडून राहणंच जास्त नुकसान करू शकतं. घंटेची दोरी हाताशी असणं आणि ती ऐकणारं कुणीतरी जागं असणं, यानेच हे टळतं. माझ्या मते या घरांची खरी किंमत याच एका गोष्टीत आहे. बाग, वाचनालय, भजनाचा हॉल हे सगळं त्यानंतर.

त्यामुळे प्रकल्प बघायला जाल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा: रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर कोण येतं, किती मिनिटांत येतं आणि आल्यावर त्याला काय करता येतं? उत्तरात “आमची चोवीस तास टीम आहे” एवढंच आलं तर पुन्हा विचारा. रात्रपाळीला परिचारिका असते की सुरक्षा रक्षकच घंटा ऐकतो? किती घरांमागे एक माणूस? रुग्णवाहिका आवारात उभी असते, की १०८ला फोन करायचा? १०८ तर आपल्याला आपल्या घरूनही फुकट लावता येतो.

## एक व्यवहार दिसतो, प्रत्यक्षात असतात दोन

लोक फ्लॅट घेतात तेव्हा एकच व्यवहार केला असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते दोन सौदे करत असतात: एक भिंतींचा, दुसरा सेवेचा. कायद्याचं छत्र पहिल्यावर भक्कम आहे, दुसऱ्यावर विरळ.

भिंतींचं आधी बघू. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे रेरानुसार, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा नवा प्रकल्प नोंदवावाच लागतो. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के भाग त्या प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

ज्येष्ठांचा म्हणून जाहीर केलेल्या प्रकल्पासाठी महारेराचे २०२४चे निकष आणखी पुढे जातात. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी आणि तिच्यात चाकाची खुर्ची गेली पाहिजे. दारं किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट रुंद हवीत. पायऱ्यांच्या जागी उतार, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी हवी. या गोष्टी विक्री करारात लिहिलेल्या असायला हव्यात. सोबत मोजपट्टी घेऊन जा आणि नमुना फ्लॅटमधलं बाथरूमचं दार स्वतः मोजा. विक्री प्रतिनिधीला काय वाटेल याचा संकोच करू नका.

आता सेवा. परिचारिका, भोजनगृह, घंटा, डॉक्टरांची फेरी हे सगळं बहुधा वेगळ्या सेवा करारात असतं, आणि कित्येकदा ती सेवा बिल्डर स्वतः देत नाही, दुसरी कंपनी देते. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाच्या २०१९च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांचा एकत्रित करार सुचवला आहे. पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुमच्या हातात तसा करार नसेल तर तुमचं संरक्षण म्हणजे तुम्ही सही केलेला कागद, आणि वाद झाला तर ग्राहक आयोग.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून सेवा कराराचा मसुदा मागा. तो घरी आणा आणि ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. शुल्क दरवर्षी किती वाढवायचं हे कोण ठरवणार? कंपनी मध्येच निघून गेली तर दुसरी नेमण्याचा हक्क रहिवाशांचा की बिल्डरचा? आणि सगळ्यांत अवघड कलम: “रहिवासी स्वतंत्रपणे राहू शकत नाही” हे कोण ठरवणार आणि ठरल्यावर काय होणार? काही करारांत तसं झाल्यास घर सोडावं लागण्याची अट असते. ज्या दिवसाच्या भीतीने माणूस हे घर घेतो, नेमक्या त्याच दिवशी त्याला बाहेर काढणारं कलम सही करण्याआधी डोळ्यांखालून गेलंच पाहिजे. त्या दिवशी त्याच आवारात दुसऱ्या पायरीची सोय मिळणार असेल, तर तसं नाव घेऊन लिहून घ्या.

## मालकी, भाडं की ठेव?

घर मिळवण्याच्या तीन पद्धती दिसतात. मालकीत खरेदीखत होतं आणि फ्लॅट वारसांना मिळतो. मात्र तिथे राहणारा ठरावीक वयाच्या वरचाच हवा, अशी अट बहुधा असते. म्हणजे तुमच्या पश्चात चाळिशीतल्या मुलाला तो फ्लॅट विकता येईल किंवा एखाद्या ज्येष्ठाला भाड्याने देता येईल, स्वतः राहता येईलच असं नाही. भाड्याच्या पद्धतीत मोठी रक्कम अडकत नाही, न आवडल्यास परत येता येतं, पण भाडं वाढत राहतं.

तिसरी पद्धत ठेवीची: मोठी रक्कम भरायची, हयातभर राहायचं, नंतर काही कापून उरलेली वारसांना परत. यात फ्लॅट तुमच्या नावावर नसतो. संस्था अडचणीत आली तर तुम्ही इतर घेणेकऱ्यांसारखे रांगेत उभे राहता. शिवाय हक्क एकट्याच्या नावावर असेल तर त्याच्या पश्चात जोडीदाराचं काय, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडे कागद अजूनही बहुधा नवऱ्याच्या नावावर होतात आणि मागे राहते ती बहुधा बायको. त्यामुळे दोघांचीही नावं घालायचीच.

## पैशाचं गणित वीस वर्षांचं करा

समजा, आज दोघांचं सेवाशुल्क आणि जेवण मिळून महिन्याला ३०,००० रुपये होतात. दरवर्षी आठ टक्के वाढ धरली तर नऊ वर्षांत ते ६०,००० होतील आणि अठरा वर्षांत १,२०,०००. सत्तराव्या वर्षी राहायला गेलेला माणूस तेव्हा अठ्ठ्याऐंशीचा असेल.

दुसरीकडे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने त्याचं व्याज वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतं. पण गुंतवणुकीच्या मुदतीत हा आकडा वाढत नाही. शुल्क चढत जातं, व्याज तिथेच राहतं. त्यामुळे आज जेमतेम जमतंय असं वाटत असेल, तर ते पुढे जमणार नाही असं धरून चाला.

दोघांतला एक गेल्यावर काय, हेही मांडा. जुन्या योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असतं, नेहमीचं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. शुल्क मात्र तेवढं कमी होत नाही, एका माणसाचं जेवण फार तर वजा होतं. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मासिक शुल्क किंवा घरी ठेवलेली बाई त्यात येत नाही. सेवाशुल्कावर जीएसटी लागणार का, हेही लेखी विचारून घ्या.

## “त्यापेक्षा घरीच बाई ठेवली तर?”

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि बऱ्याच घरांना हेच उत्तर बरोबर पडेल. आपलं अंगण, ओळखीचा दूधवाला, शेजारी, आणि माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांची मावशी. फक्त हिशेब पूर्ण करा. रात्रीसाठीही माणूस हवा असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होतात. सुट्टीला बदली कोण, बाई अचानक सोडून गेली तर काय, आणि ब्युरोशी पुण्याहून फोनवर भांडणार कोण? पहिल्या यादीतली कामं अडली असतील तर घरची व्यवस्था जास्त माणुसकीची ठरते. दुसऱ्या यादीतलीच अडली असतील आणि माणूस एकटेपणाने सुकत चालला असेल, तर वसाहत बरी.

घरीच राहायचं आणि पैसा सगळा घरातच अडकलेला, अशांसाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्टगेजची सोय आहे. साठीपुढचा घरमालक घर बँकेकडे तारण ठेवतो, तिथेच राहतो आणि बँक त्याला ठरावीक रक्कम देत राहते. कर्जाची वसुली पश्चात घरातून होते, किंवा वारस पैसे भरून घर सोडवतात. आपल्या लोकांना घर तारण ठेवण्याची लाज वाटते. पण ते घर तुम्हीच कमावलेलं आहे आणि औषधपाण्यासाठी वापरण्याचा हक्कही तुमचाच आहे.

## “लोक म्हणतील, पोरांनी टाकलं”

म्हणतील. आपल्या गावात हे बोलणं फार लागतं, आणि त्या भीतीने कित्येक आई-बाप तीन मजली घरात गुडघे धरून जिना चढत राहतात. पण स्वतः बघून, स्वतःच्या पैशाने, स्वतः सही करून घेतलेलं घर म्हणजे टाकलं जाणं नव्हे. उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी: आई-वडिलांना न विचारता मुलांनी परस्पर बुकिंग केलं असेल, तर वसाहत कितीही चांगली असली तरी ते टाकणंच आहे.

बंगला आधीच मुलाच्या नावावर करून दिला असेल तर तो विकून स्वतःच्या पैशाने असं घर घेण्याचा पर्याय हातातून गेलेला असतो. द्यायचाच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहा. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट पाळली नाही तर न्यायाधिकरणाला असं हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर ती सिद्ध करताना फार दमछाक होते.

## पुण्याला की सोलापुरातच?

मुलं पुण्यात असतील तर तिथे जाण्याचा मोह होतो. मुलगा दर रविवारी येणार असेल तर जरूर जा. पण तो रात्री नऊला कामावरून परतणारा असेल, तर आपण मुलाच्या जवळ गेलो आणि आपल्या माणसांपासून लांब गेलो असं होतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी रोज भेटणारी मंडळी तिथे नसतात. पंचाहत्तरीनंतर नवी ओळख होते, पण जुन्या मैत्रीची जागा घ्यायला तिला वर्षं लागतात.

भाषेचाही विचार करा. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली आजी आयुष्यभर मराठीत बाजार करते, पण तिची मूळ भाषा तेलुगू. अक्कलकोटकडच्या घरांत हेच कन्नडचं. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणची मागे उरते. त्या वेळी पाणी मागितलेलं कळणारी बाई सोलापुरात सहज मिळेल, इतरत्र शोधावी लागेल.

सोलापुरातच असं घर बघत असाल तर इथले प्रश्न विचारा. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, मग टाकी किती दिवसांची? लिफ्टला आणि पंख्यांना जनरेटर आहे का? पारा ४३-४४ अंशांवर गेला की वरच्या मजल्यावरच्या घरात दुपारी बसवतं का? आणि जेवणात मऊ ज्वारीची भाकरी मिळते का? दात गेलेल्या माणसाला कडक भाकरी चालत नाही, आणि रोजच्या पनीरच्या भाजीचा त्याला महिनाभरात वीट येतो.

## ज्यांना हे परवडणारच नाही त्यांचं काय?

हे घर सोलापूरच्या बहुसंख्य म्हाताऱ्या माणसांसाठी नाही. या शहराची उभारणी गिरण्यांत, यंत्रमागांवर आणि विड्या वळून झाली. त्या कामगारांच्या ईपीएस, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत १,५०० रुपये मिळतात. त्यांना फ्लॅटची जाहिरात दाखवणं क्रूरपणाचं आहे.

त्यांच्यासाठी २००७च्याच कायद्यात दोन गोष्टी आहेत. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर निर्वाहाची मागणी करता येते. केंद्राच्या कायद्यात तिची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. आणि कलम १९ मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचं निवासस्थान उभारण्याची तरतूद आहे. मात्र कायद्याचा शब्द राज्याने ते ‘उभारावं’ असा बंधनाचा नसून ‘उभारता येईल’ असा आहे, आणि हा शब्द बदलून घेण्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांनी आवाज उठवायला हवा. अडचणीच्या वेळी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो शेजारच्या आजोबांच्या फोनमध्येही भरून द्या.

## कधी ठरवायचं?

हातपाय आणि डोकं चालत असताना. याला कायद्याचंही कारण आहे. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपतं. म्हणजे ज्या वेळी मुलाला त्याची खरी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी होतं, आणि घर विकायचं किंवा करार करायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते. स्वतःला वाचता येतंय, प्रश्न विचारता येतायत तोवर बघायला जा, दोघांनीही जा.

आणि जुनं घर लगेच विकू नका. महिनाभर पैसे भरून राहून बघता येईल का, ते विचारा. तो महिना डिसेंबरचा निवडू नका, मे महिन्यातला घ्या. त्यात एकदा तरी रात्री दोन वाजता घंटा वाजवून बघा.